अर्धी पुसलेली केबिन

"आक्का, आण्णा गाडीतनं उतरंनात." उचगावहून शेजारच्या सुमनचा फोन आला तो एवढाच. मी पोहोचले तेव्हा माझा थोरला भाऊ त्याच्या जुन्या लष्करी ट्रकच्या केबिनमध्ये, स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेला होता. हातात ओला बोळा. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. थांबलं, खरं, पण ते दमवलं कुणी, हे मला ठाऊक आहे. सव्वा महिना झाला. शांत झाल्यावर लिहावं म्हणून थांबले होते... शांत काही होता आलं नाही.

आण्णा फौजेत ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर लिलावातला एक ट्रक त्याने दारात आणला आणि वर्षभर खपून चालता केला. लग्न केलं नव्हतं. सकाळी चहाच्या आधी केबिन पुसायचा. डॅशबोर्डवरची घड्याळं बोटाला फडकं गुंडाळून, गिअरच्या बुडातली धूळ दातांच्या ब्रशनं. मी हसले की म्हणायचा, "गाडी भाईरनं लोकांसाटी, आतनं आपल्यासाटी." महापुरात तोच ट्रक त्याने तीन दिवस कंबरभर पाण्यातून हाकला, म्हातारीकोतारी, बाळंतिणी बाहेर काढल्या. चौथ्या दिवशी, पाणी ओसरल्यावर, आमच्या भागातले एक पुढारी केबिनमध्ये चढले. नाव लिहीत नाही. त्यांना नावाचीच भूक आहे. स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांनी फोटो काढला आणि चौकाचौकात फलक लागले : साहेबांनी स्वतः ट्रक चालवून गाव वाचवलं. एका वार्ताहराने विचारलं तेव्हा आण्णा बोलून गेला, "सायबास्नी गिअर कुठं असतोय त्ये तरी ठावं हाय का इचारा." ते छापून आलं. आठवड्यात तक्रार झाली, या गाडीला माणसं न्यायचा परवाना नाही. ट्रक जप्त. तक्रारीच्या अर्जाखालची साहेबांची सही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

दोन पावसाळे ट्रक सरकारी आवारात उघड्यावर सडला. सुटून आला तेव्हा काचा फुटलेल्या, सीटच्या काथ्यात उंदरांची बिळं, पायाखाली कुजका चिखल. आण्णाने कुणाला शिवी दिली नाही. गप्प झाला तो मात्र कायमचा. ड्रायव्हरच्या बाजूने त्याने पुसायला घेतलं. निम्मी केबिन झाली, आणि तो गेला.

तेराव्यानंतर साहेबांचा माणूस आला. आण्णांच्या स्मरणार्थ फेरी काढायची, ट्रक पुढे, साहेब केबिनमध्ये बसणार. मी म्हटलं, "या की." मग ड्रायव्हरची जागा मी आरशासारखी केली, तिथे आण्णाचा फोटो ठेवला. शेजारच्या जागेला बोट लावलं नाही.

साहेब आले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे कॅमेरे, निम्मं गाव. दार उघडताच वास आला तसे मागे सरले. "जरा पुसून तरी घ्यायचं, आक्का."

"आण्णा पुसतच हुता, सायेब. पुसता पुसताच गेला. ही घाण तुमच्या सहीची हाय. बसा की!"

मग गर्दीतून, त्या पुरातून काढलेली एक म्हातारी म्हणाली, "बसा की वो सायेब." मागून आणखी दोघं बोलले, मग सगळेच. कॅमेरे चालू होते. साहेब चढले, बसले. मिनिटभराने उतरले तेव्हा पाठ, मांड्या काळ्या झालेल्या. कुणी हसलं नाही; लोकांनी फक्त वाट करून दिली. फेरी निघालीच नाही.

शोक असा करतात का, असं मला नंतर काहींनी विचारलं. मी असाच केला. आण्णा असता तर त्याने साहेबांखाली स्वतःचा टॉवेल अंथरला असता... तो मोठ्या मनाचा होता. मी नाही.

दर रविवारी उचगावला जाते. ब्रश, साबणाचं पाणी घेऊन आण्णाची बाजू पुसते. गिअरपाशी आले की हात थांबवते. पलीकडची घाण वाळून दगड झाली आहे. तो माणूस जिवंत आहे तोवर ती तिथेच राहील.