डिस्क माझ्या हातात होती

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि, स्पष्टच सांगायचे तर, बहुतेकांच्या शेवटी मनातल्या मनात लाल शाईचा शेरा मारतो. कोणी अंधारात काहीतरी पाहिलेले असते, कोणी तापात, कोणी दिवसभराच्या प्रवासाने शिणलेल्या डोळ्यांनी. अमेरिकेत येण्यापूर्वी मी साताऱ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो, आणि इथे सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करतो. दोन्ही ठिकाणी काम एकच... दिसले ते खरे कशावरून, हे विचारणे. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे, असे म्हणवत नाही. पण पुढची घटना भर दुपारी, लख्ख उजेडात, मी पोटभर जेवून पूर्ण शुद्धीवर असताना घडली; म्हणून ती लिहिणे मला भाग आहे.

स्थळ शॉमबर्ग, शिकागोचे उपनगर. साल २००५, दसऱ्यानंतरचा शनिवार. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर सुमनकाकू राहत. त्यांचे यजमान श्रीधरकाका त्याच वर्षी एप्रिलमध्ये हृदयविकाराने गेले होते. आम्ही नवे असताना याच जोडप्याने आम्हाला बर्फात गाडी कशी चालवावी इथपासून कोणत्या दुकानात कढीपत्ता मिळतो इथपर्यंत सगळे शिकवले. आता काकू दुसऱ्या राज्यात, हर्नडनला, मुलाकडे, नीलकडे, कायमच्या राहायला निघाल्या होत्या. सोमवारी सामान न्यायला ट्रक येणार होता.

सकाळी त्यांचा फोन आला. “मास्तर, ह्यांचा कॉम्प्युटर उठत नाहीये. जरा येऊन बघतोस?”

माझे नाव मिलिंद. पण मी शिक्षक होतो हे कळल्या दिवसापासून काकूंनी मला मास्तरच ठेवले.

हा संगणक काकांनी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला. निवृत्तीनंतर दर रविवारी ते त्याच्यापुढे मायक्रोफोन घेऊन बसत आणि हर्नडनच्या नातीसाठी, चार वर्षांच्या अनयासाठी, मराठीतून गोष्टी रेकॉर्ड करत. गोष्टी त्यांच्या स्वतःच्या. हायवेच्या टोलनाक्यावर नोकरीला लागलेला एक उंदीर हा त्यांचा नायक. सुटी नाणी मोजता मोजता तो दर वेळी कुठल्या तरी भानगडीत सापडे. ते त्या नातीला पाठवतही होते का? नाही. “सगळ्या झाल्या की एकदम छान सीडी करून देऊ,” असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे त्या गोष्टी जगात एकाच ठिकाणी होत्या — त्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर.

मी पोचलो तेव्हा काकू अभ्यासिकेच्या दारातच उभ्या होत्या. फोनच्या स्पीकरवरून नील बोलत होता.

“मिलिंद, ऑनेस्टली, डोन्ट वेस्ट युअर सॅटर्डे. जुना बॉक्स आहे तो. आय विल गेट हर अ न्यू वन.”

“मला नवा नकोय,” काकू म्हणाल्या. “मला त्याच्यातला तुझा बाप हवाय.”

मग नील म्हणाला, “आय नो, मॉम. ओके.” आणि त्याने फोन ठेवला.

ज्यांना यातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे समजावतो. संगणक सुरू होतो तो दोन टप्प्यांत. आधी यंत्र स्वतःची तपासणी करते आणि सारे ठीक असले की एक बारीक ‘बीप’ देते. मग ते हार्ड डिस्ककडे वळते, कारण पुढे काय करायचे याच्या सगळ्या सूचना, आणि आपण साठवलेल्या फाइलीसुद्धा, त्या डिस्कवर असतात. शाळेच्या भाषेत सांगायचे तर घंटा होते, मुले जागेवर बसतात. पण शिक्षक वर्गात आल्याशिवाय तास सुरू होत नाही. डिस्क म्हणजे तो शिक्षक.

मी बटण दाबले. पंखा फिरला, बीप नाही, पडदा काळा. प्लग काढून मी कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडली, आणि आत पाहून जरा थबकलो. तळाशी तांदूळ पसरले होते. काही दाणे कुंकवाने लाल झालेले.

काकू माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. “मास्तर, खरं सांग. माझ्यामुळे झालं का हे?”

“हे तांदूळ कुठले, काकू?”

“खंडेनवमीच्या अक्षता. हे दरवर्षी त्याची पूजा करायचे आणि त्या दिवशी त्याला सुटी द्यायचे. कुंकवाचं बोट न् चार दाणे. मला वाटलं, यंदा हे नाहीत, जरा जास्त वाहाव्यात. मूठभर वाहिल्या. वरच्या जाळीतून गेल्या असतील. दुसऱ्या दिवशी लावला, तर उठलाच नाही.”

“एवढा भात जेवल्यावर कोण उठेल?”

त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला कळले की त्या दसऱ्यापासून हे एकट्याच मनात घेऊन बसल्या आहेत.

मी दाणे वेचून काढले. मेमरीच्या खाचेजवळही एक अडकला होता. मेमरी काढून, पुसून, पुन्हा बसवली. आता बीप आला. काकूंनी माझा दंड धरला. पण पडद्यावर उमटले ते एवढेच की सुरू करण्यायोग्य डिस्क सापडत नाही. कान जवळ नेला तर डिस्कमधून टक्... टक्... असा आवाज. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. आतली सुई जागा चुकून आपटत होती.

“काकू, डिस्क गेल्यासारखी वाटते. पण ती तांदळाने नाही गेली. ती बंद डबीत असते, आत दाणा काय, धूळही जात नाही. ती वयाने गेली.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस.”

“नाही. शिकवताना मी कधी खोटं सांगितलेलं नाही.”

एक उपाय उरला होता : ती डिस्क माझ्या घरच्या संगणकाला जोडून पाहणे. मी तिच्या दोन्ही केबली काढल्या, चार स्क्रू सोडवले, डिस्क पिशवीत घातली आणि निघालो. कॅबिनेट तसेच उघडे ठेवले. घरी जेवलो, डिस्क जोडली. माझ्या संगणकाला ती दिसलीच नाही. तिसऱ्या प्रयत्नाला तर तिची मोटरही फिरेना. टक् टक् देखील बंद झाले. माझी बायको वैशाली बाजूला उभी होती. “काकूंना फोनवर सांगू नकोस,” ती म्हणाली, “जाऊन सांग.”

म्हणून मी डिस्क घेऊन पुन्हा निघालो. काय बोलावे याची वाक्ये जुळवत.

काकूंचे दार नुसते लोटलेले होते. आत पाऊल टाकले आणि मला श्रीधरकाकांचा आवाज ऐकू आला.

“...तर उंदीरमामा म्हणाले, साहेब, एवढा मोठा ट्रक तुमचा, आणि सुटे पैसे नाहीत?”

पहिला विचार आला तो कॅसेटचा. काकूंना एखादी जुनी कॅसेट सापडली असावी. मी अभ्यासिकेत गेलो. काकू जमिनीवर बसून वर्तमानपत्रात वाट्या गुंडाळत होत्या. टेबलावरचा पडदा उजळलेला होता, आणि आवाज संगणकाच्या स्पीकरमधून येत होता.

“ये,” त्या म्हणाल्या. “सहज बटण दाबलं तर उठला बघ. काय केलंस तू त्याला?”

मी कॅबिनेटकडे वळलो. कॅबिनेटची पट्टी मी ठेवली होती तशीच भिंतीला टेकलेली होती. आत पंखा फिरत होता. डिस्कची जागा रिकामी होती, आणि ज्या केबली मी काढल्या होत्या त्यांची टोके लोंबत होती. मी गुडघ्यावर बसलो आणि त्या रिकाम्या खणात हात घालून पाहिला. चार बोटे आरपार फिरली. डोळ्यांवर विश्वास नसेल तर दुसऱ्या साधनाने मोजावे, ही सवय.

“काय शोधतोयस?”

मी पिशवीतून डिस्क काढून त्यांना दाखवली. “काकू, गोष्टी ह्याच्यात आहेत.”

त्यांनी डिस्ककडे पाहिले, मग पडद्याकडे. गोष्ट चालूच होती. तिच्यात मागे कुकरची शिट्टी झाली आणि स्वयंपाकघरातून काकूंचाच आवाज आला, “अहो, चहा गार होतोय.” काका माइकमध्ये म्हणाले, “आजी बोलावतेय. उंदीरमामांनाही चहा द्यायला हवा.”

“मग हे बोलतायत कुठून?” काकूंनी विचारले.

“माहीत नाही.”

माझा हात वीज बंद करण्याच्या बटणाकडे गेला होता, हे मी नाकारत नाही. बंद करावे, एकेक भाग सुटा करावा, नेमके कुठून वाचले जाते आहे ते शोधावे... आयुष्यभर मी दुसरे काही शिकवलेलेच नव्हते. काकूंनी माझे मनगट धरले.

“मास्तर, आधी उतरवून घे. शोध मग लाव.”

काकांच्या खणात कोऱ्या सीडी होत्या. मी ड्राइव्हचा ट्रे उघडला. तो रिकामा होता, हे मुद्दाम नोंदवतो. फ्लॉपीची फटही रिकामी. कोरी सीडी घातली. पडद्यावर काकांचे ‘अनया’ नावाचे फोल्डर होते, त्यात सगळ्या गोष्टी ओळीने. त्या सीडीवर लिहिल्या जात असताना आम्ही दोघे शेजारी शेजारी बसून होतो. ती पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना काकू पुटपुटत होत्या, स्तोत्र असावे असे वाटून मी कान दिला, तर त्या म्हणत होत्या, “सावकाश, घाई नाही.”

सीडी बाहेर आली. स्वयंपाकघरातल्या प्लेअरमध्ये घालून पाहिली. पहिली गोष्ट, मधली, शेवटची... सगळ्या वाजल्या.

मग संगणक काकूंनीच बंद केला. काकांनी शिकवले होते तसा, नीट माउसने, मेनूत जाऊन. पडदा विझला तेव्हा त्यांनी कॅबिनेटवर एकदा हात ठेवला, आणि वाट्या गुंडाळायला पुन्हा खाली बसल्या.

मी लगेच बटण दाबले. पंखा, बीप, आणि तेच वाक्य : डिस्क सापडत नाही. त्यानंतर तो संगणक एकदाही सुरू झाला नाही. त्याच संध्याकाळी मी तो सगळा सुटा केला. दुसरी डिस्क नव्हती. इंटरनेट काकूंनी आधीच बंद करून टाकले होते. वीज गेली की मेमरीत काही उरत नाही, आणि मी तर ती काढून पुसली होती.

ऑफिसातल्या मित्रांना सांगितले. एक म्हणाला, “यार, तू चुकीचा ड्राइव्ह काढला असशील.” दुसरा म्हणाला, काकूंनी कॅसेटच लावली असेल. पण कॅसेटवरून सीडीवर फाइली उतरत नाहीत. नीलने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मिलिंद, आर यू ओके?” बंद पडलेली डिस्क मी पुढे एका दुरुस्ती करणाऱ्याला दाखवली. त्याने ती उघडली, आतली तबकडी ओरखडून गेलेली दाखवली आणि सांगितले की हिच्यावरचे काही वाचता येणे शक्य नाही.

सीडी मात्र आहे. हर्नडनला अनया ती गाडीत ऐकते. नील सांगतो की ट्रॅफिकमध्ये अडकले की ती मागच्या सीटवरून टोलनाक्याच्या उंदराला मराठीत हाका मारते, आणि काय म्हणते ते त्याला आजीला विचारावे लागते.

मागच्या महिन्यात मला नवी शंका सुचली, म्हणून काकूंना फोन केला. जाळीतून आत पडलेले कुंकू, त्यातले काही घटक, विजेचे वहन... मी बराच वेळ बोललो. त्यांनी मध्ये न थांबवता ऐकले.

“पण मग रिकाम्या जागेतून ते बोलले कसे, हे कळलं का?”

“नाही. तेवढं अजून नाही.”

“शोध हो तू. तुला शोधल्याशिवाय चैन पडायची नाही,” काकू म्हणाल्या. “फक्त सापडलं ना, तर मला सांगू नकोस.”

मी कबूल केले. तूर्तास त्यांच्यापासून लपवण्यासारखे माझ्यापाशी काहीच नाही.