लेकीचं लग्न, दुकानाचा खर्च

"लग्न म्हणजे दुकानाची जाहिरातच होती ना भाऊ, तुम्ही माझा खर्च काहून कापून राहिले?"

सक्करदऱ्यातल्या माझ्या कर सल्ल्याच्या ऑफिसात साडीदुकानाचा मालक असा ओरडत होता, की तलावावरचे बगळे थेट रामटेकला जाऊन बसले असतील. यंदा कर भरावाच लागू नये, म्हणून त्यानं लेकीचं अख्खं लग्न दुकानाच्या खर्चात घातलं होतं. मांडव, बँड, सावजीचं जेवण, नवरदेवाची घोडीसुद्धा. का, तर पत्रिकेवर दुकानाचं नाव होतं आणि पंगतीत सारी गिऱ्हाइकंच जेवली. असली अक्कल घेऊन जुलैत माझ्या दारात रांग लागते, आणि रांगेतल्या प्रत्येकाला वाटतं, आयकरवाले फक्त पेंगायला पगार घेतात.

"बरं, धरू खर्चात," मी मधाळ आवाजात म्हटलं. "पण लग्न धंद्याचं, तर आलेला आहेरही धंद्याची कमाई. सोनं, पाकिटं, सगळं दाखवू. त्याच्यावर कर लागंल."

त्याचा आवाज एकदम खाली आला. टेबलावरची लग्नाची बिलं गोळा करत तो म्हणाला, "घरचंच लग्न होतं ते."