मामींच्या घरात सहा अंडी

चेन्नईत आम्हाला घर मिळालं ते आम्ही अंडं खात नाही या एकाच पात्रतेवर. (मी गिंडीतल्या एका कारखान्यात भट्ट्यांचे तापमान-नियंत्रक बनवतो, बायको शाळेत गणित शिकवते, यातलं काही कोणी विचारलंच नाही.) खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली मामी म्हणते. त्यांनी फक्त विचारलं, "अंडं?" मी असा चेहरा केला, जणू हा पदार्थ आमच्या सांगलीपर्यंत पोचलेलाच नाही. करारात कलम पडलं: घरात अंडं आलं की घर खाली!

आम्ही ते इमानदारीत पाळलं. ऑम्लेटची हुक्की आली की स्कूटरवरून लांब जायचो आणि बडीशेप चघळत परत यायचो.

मग ओवीने, आमच्या लेकीने, बदकाच्या पिल्लांचा हट्ट धरला. माझ्या एका सहकाऱ्याच्या गावी बदकं होती. तो म्हणाला, पिल्लं आणून देतो. इथे गप्प बसायला हवं होतं. पण तापमान हा माझा विषय!

"पिल्लं कशाला? अंडीच दे. मी उबवतो!"

"कुठे उबवणार?" मंजिरीने, म्हणजे बायकोने, विचारलं.

"घरात."

"कोणाच्या?"

मी थर्माकोल शोधायला उठलो. अंडी आली ती माझ्या हेल्मेटमध्ये बसून. (हेल्मेट मांडीवर आणि डोकं उघडं, म्हणून पोलिसाने दंड केला. आत काय आहे ते सांगायची सोय नव्हती. मामींचा पुतण्या पोलिसात आहे.)

थर्माकोलची पेटी, एक बल्ब, ओलाव्यासाठी स्पंज, जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणि मी स्वतः बनवलेला नियंत्रक. साडेसदतीस अंश! "एका दशांशाचा फरक पडणार नाही," मी छाती फुगवून सांगितलं. पेटी बेडरूममध्ये, तिच्यावर मंजिरीची जुनी साडी. चार आठवडे आम्ही कुजबुजत जगलो. दार वाजलं की मी आधी पेटीवरची साडी सारखी करायला धावायचो. ओवीची शाळा इथून चालत जाण्याजोगी होती, आणि घर गेलं असतं तर या भागात दुसरं मिळणार नव्हतं. मिळालं असतं, तरी तिथली मामी या मामींची बहीण निघाली असती.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ओवी किंचाळली, "बाबा, अंडं बोललं!"

खरंच! एका अंड्याचा टवका उडाला होता आणि आतून चीं चीं ऐकू येत होतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच क्षणी दार वाजलं.

मामी रोज कावळ्याला भात घातल्याशिवाय जेवत नाहीत. पाखरांच्या बाबतीत त्यांचा कान फार तिखट.

"सार, तुमच्याकडे पाखरू अडकलंय." (सार म्हणजे सर. मामी तमिळच बोलतात, मी मराठीत सांगतोय.)

"छे हो मामी! पंखा कुरकुरतोय."

मामींनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"तेल घाला."

"आजच घालतो."

त्या वळल्या. एक पायरी उतरल्याही. आणि करंट गेला!

पंखा मंदावला. थांबला. कुरकुर थांबली नाही.

मामी मला बाजूला सारून थेट बेडरूममध्ये गेल्या आणि त्यांनी साडी उचलली. "अय्यो! मुट्टै!" मुट्टै म्हणजे अंडं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"खायला नाहीत मामी! देवाशपथ, उबवायला!"

ओवीने मामींचा हात धरला. "मामी, आम्ही जातो घर सोडून. पण आज नको. आज ती येतायत."

मामी काही बोलायच्या आत मी ओरडलो, "बल्ब विझला! पेटी गार पडेल!" धावत जाऊन आतला थर्मामीटर पाहिला. साडेसदतीस. खोलीत पाहिलं. तेवढंच!

"मग हे यंत्र कशाला?" मामींनी विचारलं.

पण पिल्लू थांबलं होतं. आतला स्पंज कोरडा पडला होता (तापमानाच्या नादात ओलाव्याकडे कोण बघतो!) आणि टवक्यातला पातळ पापुद्रा सुकत चालला होता. चोच हलेना.

"बाबा, काढ ना त्याला!"

"हात लावायचा नाही. ओढलं तर रक्त येईल."

"बघत काय उभे राहता?" मामी कडाडल्या. "कोमट पाण्यात फडकं भिजवा!"

मंजिरीने फडकं आणलं. आम्ही चौघांनी त्याचे चार कोपरे धरले आणि पेटीवर ओला मांडव घातला. ज्या अंड्यांपायी आम्हाला हाकलायचं, त्यांच्यासाठी मामी फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. घाम नाकावरून ओघळत होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता. बऱ्याच वेळाने आत टक् झालं. कवच गोल चिरत गेलं आणि एक ओलं, दमलेलं पिल्लू बाहेर लोळलं. ओवी हसत हसत रडायला लागली.

मामींनी फडकं खाली ठेवलं. "करार म्हणजे करार. घरात अंडं चालणार नाही."

आम्ही माना खाली घातल्या.

"हे आता अंडं नाही. उरलेल्या पाचांना उद्या सकाळपर्यंत मुदत."

"आणि नाही फुटली तर?"

"मग मुदत तुम्हाला."

सकाळी मामी जिना चढून आल्या, तेव्हा एक अंडं अजून अंडंच होतं. मामींनी त्याच्याकडे पाहिलं, मग ओवीच्या चेहऱ्याकडे. "आमचं घड्याळ जरा पुढेच असतं," असं म्हणून त्या कावळ्याला भात घालायला निघून गेल्या. त्या दिवशी कावळ्यांची चंगळ झाली असावी. मामी परतल्या तोवर सहावं पिल्लू भावंडांच्या अंगावरून चालत होतं.

आता बदकं मागच्या अंगणात मामींच्या मागे रांगेने फिरतात. परवा करार नव्याने झाला. अंड्याचं कलम मामींनी तसंच ठेवलं आणि खाली एक वाढवलं: सहा बदकं या घरात कायम राहतील.

आमची मुदत नेहमीप्रमाणे अकरा महिने!