भरताच्या घासातला बोळा

या ग्रुपवर मी दोन वर्षं फक्त वाचते आहे. इथल्या बऱ्याच भुताटकीच्या अनुभवांवर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून मनात हसलेही आहे. आता माझ्यावर कोणी हसलं तर तक्रार नाही. जेवत असाल तर मात्र नंतर वाचा.

मी जळगावची. मागच्या जानेवारीत धुळ्याच्या एका मुलाशी — निखिल म्हणूया — माझं लग्न जमत आलं होतं. फोनवर तो चांगला वाटला होता. शेवटची भेट दोन्ही घरांनी बाहेर जेवायला जाऊन करायची ठरलं. जागा त्याच्या आत्यांनी निवडली: धुळ्याबाहेरची जुनी जिनिंग. कापसातून सरकी काढायचा तो दगडी कारखाना आता रेस्टॉरंट झालाय. उंच पत्रे, पिवळे बल्ब, भिंतींवर जुने फोटो. दुपारचा एक वाजला होता. गाडीतून उतरताना आई म्हणाली, “ताटात येईल ते खायचं. नखरे घरी.”

आत्यांनी सगळ्यांसाठी भरीत-पुरी मागवली. “वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात इथं,” त्या म्हणाल्या. “आणि मुलगी जेवते कशी, ते बघितलं की घर कळतं.” सगळे हसले. मीही.

पहिल्याच घासात काहीतरी ओलं, चिवट आलं. केस वाटला. जिभेने चाचपलं तर वाढतच गेलं… कापूस. लाळेत भिजलेला, कोमट, आणि त्याला मिश्रीची चव. आजोळी कामाला येणाऱ्या मावशी दातांना तंबाखूची मिश्री लावायच्या, तो वास मी विसरणार नाही. म्हणजे कोणीतरी आधी तोंडात धरलेला. त्यातली सरकी माझ्या दाताखाली मोडली.

“तिखट लागलं का गं?” आत्या बघत होत्या.

मी नाही म्हणून मान हलवली आणि गिळलं. 

काड्यांचा कापूस असेल, वांगी धुतली नसतील — स्वतःला समजावलं. पाण्याची सीलबंद बाटली स्वतः उघडून एक घोट घेतला. पाण्याचा तोंडात कापूस झाला. दोन्ही गाल भरले. समोर निखिल मान खाली घालून जेवत होता, फार सावकाश.

मी ताटात थुंकले. सगळ्यांसमोर. लिंबाएवढा तपकिरी बोळा, त्याला लाळेची तार.

“शी. ताटात?” आत्या म्हणाल्या — बोळ्याकडे नाही, माझ्याकडे बघून.

“सकाळपासून बरं नाहीये तिला,” म्हणत आईने वर टिशू टाकला.

बेसिनपाशी मी चूळ भरत राहिले. वर एक फोटो होता. जिनिंगमध्ये ओळीने कामाला बसलेल्या बाया, प्रत्येकीचा एक गाल फुगलेला. शेजारी चुलीवर भाकरी करणाऱ्या म्हाताऱ्या अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तोंडमा कापूसना बोया धरेत बठ्ठ्या, माय. घसामा धूय जावाले नको म्हनीसन. मुकादमले बी बरं… कोनी बोले नहीं.” बोया म्हणजे बोळा, धूय म्हणजे धूळ, एवढं मला कळलं.

परत आले तोवर ताट उचललं होतं. आई आजही म्हणते, वांग्याचं साल होतं.

दोन दिवसांनी निखिलचा फोन आला. “कापूस होता ना?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“माझ्याही तोंडात आला. पहिल्या घासापासून.”

“मग?”

“मग काय. आत्या समोर होती. गिळला.”

“किती?”

“ताट संपवलं.” तो हलकं हसला. “दोघांनाच आला. म्हणजे बघा, जुळतंय आपलं. आत्याचं मी बघतो, तुम्ही फक्त एकदा सॉरी म्हणा.”

मला त्याचं ते सावकाश चावणं आठवलं.  मी नाही म्हटलं — सॉरीलाही आणि लग्नालाही. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

त्या टेबलावर सातजण होतो. कापूस आम्हा दोघांनाच का आला, आणि तो कोणाच्या तोंडातला होता, हे मला आजही सांगता येत नाही. फक्त एक सवय लागलीय. कोणाला ‘चालेल’ म्हणायच्या आधी मी जिभेने गाल चाचपून बघते.