हाताला लागलं म्हण!

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे टकमक म्हणत. कामच तसं होतं. उजेडाच्या काचेसमोर स्टुलावर बसायचं, सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्यांकडे टक लावून पाहायचं आणि तडा दिसला की बाटली बाजूला काढायची. गड्याने वर्षानुवर्षं इमानेइतबारे पाहिलं. मग मालकांनी शेजारच्या स्टुलावरचा माणूस काढला, पट्ट्याचा वेग वाढवला आणि टकमकच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. थाप फुकट होती.

तेव्हापासून त्याच्या डोक्यातला पट्टा काही थांबेना. पाहुण्यांच्या हातातला ग्लास काढून घेऊन तो दिव्यासमोर धरू लागला. मेहुण्याच्या टकलावर तडा शोधताना तर रंगेहाथ सापडला. इथवर सगळे पोट धरून हसले. पण मग झोप उडाली, छाती धडधडू लागली आणि एका सकाळी कारखान्याच्या फाटकाशी पाय जागचे हलेनात, तेव्हा हसणं बंद झालं.

"कामाच्या ताणाचा आजार आहे," डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. "पुन्हा त्या पट्ट्यासमोर बसलात तर आणखी बिघडेल."

बसायचं नसेल, तर आजार कामामुळेच झाला हे कामगारांच्या भरपाई कचेरीने मान्य करायला हवं होतं. मोहिमेची सूत्रं अर्थातच ताईने, थोरल्या बहिणीने, हाती घेतली. कचेरीच्या जिन्यातच तिने पिशवीतून बँडेज काढलं आणि भावाचा उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळला.

"अगं, हाताला काय झालंय माझ्या?"

"काही झालं नाही म्हणून तर बांधतेय! डोक्यातलं कोणाला दिसतं? गप उभा राहा!"

टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कुठे लागलं?"

"मनाला," टकमक म्हणाला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "का? कोण काय बोललं?"

"कोणीच नाही."

"मग मनाला कसं लागलं? अहो, ते घरी मिटवायचं. आमच्या हिला रोज लागतं." तेवढ्यात त्यांना बँडेज दिसलं. "हा काय हात! आधी नाही का सांगायचं? आत्ता लिहून टाकतो. महिनाभर आराम."

"हात, हात!" ताई मागून ओरडली.

महिनाभर आराम, आणि मग बरा झालेला हात घेऊन पुन्हा त्याच स्टुलावर! टकमक बँडेज सोडू लागला. ताईचं काम पक्कं असल्यामुळे ते संपता संपेना. अखेर आतून धडधाकट हात निघाला. तो त्याने टेबलावर ठेवला.

"साहेब, हात शाबूत आहे. मी नाहीये. एक तडा नजरेतून सुटला तर कोणाचं तरी तोंड कापेल, एवढंच डोक्यात घुमतं. डोळे मिटले तरी बाटल्या येतच राहतात हो."

साहेबांनी डॉक्टरीणबाईंचा कागद आता कुठे वाचला. मग तो घेऊन ते वरिष्ठ बाईंच्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले.

"आजार कामामुळेच, मान्य. उपचार कारखान्याच्या खर्चाने. आणि पुन्हा त्या पट्ट्यावर बसवायचं नाही, तसा आदेश निघेल."

टकमकने असा श्वास सोडला की साहेबांना टेबलावरचे कागद धरावे लागले. ताईने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं,

"साहेब, घरात सासूबाई, तीन पोरं, टकलावरून रुसलेला नवरा आणि वर हा भाऊ, असं सगळं असलं तर अर्ज कुठे द्यायचा हो?"