एकोणीस वेळा मेलो, एकदाच हसायचं राहिलं

परवा दुपारी मी पुन्हा एकदा मेलो... टीव्हीवर! आमचा जुना सिनेमा लागला होता आणि नेहमीप्रमाणे मध्यंतराच्या आत माझी तिरडी उठली. सौ. शेजारी सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती, तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नव्वदच्या दशकात आणि पुढची काही वर्षं मी मराठी सिनेमात छोटी कामं करायचो. हिरोचा बाप, हिरोइनचा मामा, इमानदार हवालदार... चेहराच असा की बघताक्षणी दिग्दर्शकाला मला मारावंसं वाटायचं. एकूण एकोणीस वेळा मेलो. हुपरीचं आमचं घर चालायचं ते सौ. पैंजणांना घुंगरं जोडायची त्यावर. मी आपला मरायला मोकळा!

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. मरणाचा शॉट झाला की कॅमेरा बंद व्हायच्या आधी मेलेल्या माणसानं त्यात बघून हसायचं. म्हणजे पडद्यावरचं मरण पडद्यावरच राहतं, घरी येत नाही. माझा काही विश्वास नव्हता, पण सौ.चा पक्का. मी दारात चपला काढतोय तोवर तिचा प्रश्न यायचा, "हसलासा न्हवं?"

परवा लागलेल्या त्या सिनेमाच्या वेळी मात्र घोळ झाला. ज्योतिबाच्या डोंगराखाली शूटिंग होतं. सूर्य बुडत आलेला, सगळ्यांची घाई. शॉट ओके झाला आणि मी नाकातला कापूस काढत थेट एसटीकडे पळालो... हसायचं राहूनच गेलं.

आणि दुसऱ्याच दिवशी सौ.ला ऑपरेशनसाठी कोल्हापुरात ॲडमिट करायचं होतं. पोटात गाठ होती, डॉक्टरांनी लांबवू नका म्हणून बजावलेलं. त्या रात्री दारात तिनं सवयीनं विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही. पडद्यावरही कधी नीट जमलं नव्हतं म्हणा...

सकाळी पिशवी भरून ती उंबऱ्यावर बसली ती उठेचना. "तुमी हसून आल्याबिगार मी दवाखान्यात येणार न्हाय. मी भूल घिऊन पडणार, तवा तुमास्नी काय झालं तर बघायला कोन हाय?"

गाठ हिच्या पोटात आणि काळजी माझी! चिडलो, समजावलं, शेवटी हात जोडले. काही उपयोग झाला नाही. मुकाट्यानं एसटी पकडली.

पोचलो तर युनिटचा गाशा गुंडाळून झालेला. कॅमेरा पेटीत, पेटी ट्रकमध्ये. कॅमेरामन बापू मला बघून ओरडले, "काय पावणं, कालच मेलासा न्हवं? आज परत कशापायी?"

मी सगळं सांगितलं. मान खालीच होती, लाज वाटत होती. त्या काळी फिल्मचा फूट न् फूट जपून वापरायचे आणि निर्माते तर चहाचा कपसुद्धा मोजून देणारे... माझ्यासारख्या साइड ॲक्टरसाठी कोण पेटी उघडणार?

निर्माते ट्रकपाशी उभं राहून सगळं ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "बापू, उतरा पेटी."

कॅमेरा लागला. शिल्लक राहिलेला फिल्मचा तुकडा भरला. तिरडी कधीच मोडली होती, म्हणून ट्रकची ताडपत्री अंथरली. पुन्हा नाकात कापूस, कपाळाला बुक्का... आणि मला हसूच येईना! इतक्या वर्षांत मला कुणी हसायचं काम दिलंच नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त उंबऱ्यावरची पिशवी दिसत होती.

"अवो, वहिनी वाट बघाय लागल्यात की! हसा!" बापू खेकसले. माझ्याभोवती अख्खं युनिट गोळा झालेलं, ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा. सगळे माझ्याआधी स्वतःच दात काढून दाखवत होते. मला हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग रडूही.

घरी पोचलो तर ती तिथंच, उंबऱ्यावर. "हसलासा?" "व्हय." तिनं पिशवी उचलली. "चला मग."

ऑपरेशन छान झालं. पुढं सिनेमा लागला. शेवटी नावं आली आणि माझ्या नावासोबत पडद्याभर माझं ते हसू... कापूस, बुक्का, पाणावलेले डोळे सगळ्यासकट. बापूंनी आणि दिग्दर्शकानं कुणाला न सांगता ठेवलं होतं. थिएटरात सौ.नं माझा हात जो धरला, तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

बापू आता नाहीत, ते निर्मातेही नाहीत. त्या माणसांचं ऋण कसं सांगू... ज्याचं नाव कधी पोस्टरवर आलं नाही, त्याच्या बायकोच्या भीतीसाठी त्यांनी भरलेला ट्रक उतरवला होता.

परवा टीव्हीवर सिनेमा संपला, पण चॅनेलवाल्यांनी शेवटची नावं कापून साबणाची जाहिरात लावली. माझं हसू गेलं. सौ.नं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

"हसा बघू."

हसलो. तिनं नीट बघून घेतलं, मग सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.