बिऱ्हाडाची चूल

अंबडच्या अरुंधतीकाकूंची जीभ फार तिखट. नवरा गेल्यावर पडवीतली खोली भाड्यानं द्यायच्या, पण नियम कडक. येणाऱ्यानं आपली चूल आपण घालायची, अन् बिऱ्हाड उठलं की ती आपल्या हातानं मोडून माती वेशीबाहेर टाकायची. मागं एका बिऱ्हाडाच्या पोरीचा काकूंना फार लळा लागला होता. ते लोक परतूरला गेले अन् काकू महिनाभर धड जेवल्या न्हाईत. मागं खूणच नको, म्हणून तेव्हापासूनचा हा नियम.

एक्कावन्न साली भालकीकडचा मार्तंड आला. कोर्टात कारकून, घरची भाषा कानडी. काकू त्याला नावानं हाक मारायच्या न्हाईत. "अहो बिऱ्हाडकरू!" एवढंच.

"काकू, ह्या शब्दाचा अर्थ तरी काय?" त्यानं एकदा विचारलं.

"बिऱ्हाड म्हणजे संसार, बिऱ्हाड म्हणजे सामानसुमान, अन् भाड्याची जागाही बिऱ्हाडच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ऐकलं न्हाई का?"

"आमच्या कानडीत बिडार म्हणतात. वाटेवरचा तळ. शब्द तिकडूनच आला, असं आमचे मास्तर सांगायचे."

"मंग बराबर हाय. तळ म्हटलं की उठणं आलंच!" काकू फटकन बोलल्या खऱ्या, पण ते त्यांनाच लागलं.

पुढं काकूंना विषमज्वर झाला. एकवीस दिवस मार्तंडनं आपल्या चुलीवर पेज शिजवून त्यांना पाजली. दुसऱ्याच्या चुलीचं पाणीसुद्धा न घेणारी बाई मुकाट्यानं पेज प्यायली.

छप्पन साली हैदराबादचा मुलूख वाटला गेला. भालकी म्हैसुरात, अंबड मुंबई राज्यात. मार्तंडला गावाकडं बदली मिळत होती. "काकू, जाऊ का?" त्यानं तीनदा विचारलं. काकूंना "जा" म्हणवेना, अन् "राहा" म्हणायचा आपला हक्क काय, हे कळेना.

"चूल मोडून जा. नियम माहीत हाय ना?" एवढंच त्या बोलल्या.

त्याचं तोंड उतरलं. त्यानं चूल मोडली, माती घमेल्यात भरली अन् वेशीकडं निघाला.

"मार्तंडा, ठेव. मी टाकते." पाच वर्षांत पहिल्यांदा नाव निघालं. तो पाया पडला, मोटारीत बसला अन् गेला.

दुपारी शेजारच्या नंदाबाई आल्या, तर काकू ती माती भिजवून घरातल्या चुलीला लिंपत होत्या.

"अगं बाई! बिऱ्हाडकरूची माती घरच्या चुलीला?"

"बिऱ्हाडकरू कुठला?" काकू लिंपता लिंपताच बोलल्या. "लेकरू होतं माझं. अन् मीच त्याला चूल मोडायला लावली गं."